बदकाची कलेजी नको वाटते, मग बुधवारचं चिकन कसं चालतं?

मुलुंडच्या एका वाचकांचं पत्र, थोडक्यात: नवऱ्याच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी मित्रमंडळींनी लोअर परळच्या एका महागड्या रेस्तराँमध्ये टेबल बुक केलंय. ठरलेल्या मेन्यूत ‘फ्वा ग्रा’ ही बदकाची कलेजी, ‘वाग्यू’ हे जपानी गोमांस आणि न्यूझीलंडचे लॅम्ब चॉप्स आहेत. बदकांच्या घशात नळीने मका भरतानाचा व्हिडिओ पाहिल्यापासून वाचकांना ते जेवण नकोसं झालंय. नवरा म्हणतो, “दर बुधवारी ब्रॉयलर मिटक्या मारत खातेस आणि आता बदकासाठी रडतेस? ढोंग आहे हे.” सासूबाई म्हणतात, अन्नाला नावं ठेवू नयेत. चौदा वर्षांच्या मुलीने मटण-मासे सगळंच सोडायचं जाहीर केलंय. घर मालवणी. बुधवारी किलोभर चिकन, एक रविवार आड किलोभर मटण, आठवड्याला तीस अंड्यांचा ट्रे, आणि श्रावण पाळतात. प्रश्न असा: मी खरंच ढोंगी आहे का? आणि आमच्यासारख्या पगारदार घराने नेमकं करायचं तरी काय?

नमस्कार.

तुमच्या यजमानांनी विसंगती अचूक पकडली आहे. निष्कर्ष मात्र उलटा काढला आहे. आजवर एक गोष्ट खटकली नाही म्हणून दुसरीही खटकू नये, हा नियम मानला तर कोणाच्याही ताटात कधीच काही बदलणार नाही. विसंगती सापडली की बुधवारच्या चिकनकडे नीट बघायचं. बदकाकडे डोळेझाक करायचं ते कारण होत नाही.

पण तुमच्याही पत्रात एक गृहीतक दडलंय: महागड्या, परदेशी मांसात क्रौर्य असतं आणि नाक्यावरच्या दुकानातलं मांस साधंसुधं असतं. ते तपासायला आधी मेन्यूच घेऊ.

फ्वा ग्रासाठी बदक किंवा हंस साधारण तीन महिन्यांचा झाला की शेवटचे बारा ते पंधरा दिवस घशात नळी घालून त्याला मका भरवतात. बदकाला दिवसातून दोनदा, हंसाला त्याहून जास्त वेळा. यकृतात चरबी साचून ते नेहमीच्या कितीतरी पट फुगतं. युरोपीय नियमांनुसार बदकाचं यकृत किमान ३०० ग्रॅमचं असल्याशिवाय त्याला हे नाव लावता येत नाही. म्हणजे सूज हीच मालाची अट आहे. समर्थक सांगतात की पाणपक्षी स्थलांतराआधी आपणहून यकृतात चरबी साठवतात. ते खरं आहे, पण या धंद्यातलं संकरित बदक स्थलांतर करत नाही, आणि आपणहून खाणं वेगळं, नळीने भरवणं वेगळं. तुम्हाला आलेली शिसारी अस्थानी नाही.

गंमत अशी की भारतात फ्वा ग्राच्या आयातीवर २०१४पासून बंदी आहे. तेव्हा तुमच्या ताटात येणार ती बहुधा बदकाची नाहीतर कोंबडीची साधी कलेजी, लोण्यात घोटून मऊ केलेली. तसं नसेल तर माल चोरवाटेने आलेला. दोन्ही बाबतींत विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

‘वाग्यू’चंही तेच. गोमांसाची आयात भारतात बंद आहे, आणि महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही २०१५पासून बंदी आहे. मग मेन्यूवरचं वाग्यू म्हणजे नेमकं कोणतं मांस, हे शेफलाच विचारावं. जपानमधल्या अस्सल वाग्यूबद्दल बिअर पाजण्याच्या आणि मालिश करण्याच्या सुरस कथा फार चालतात. प्रत्यक्षात ही जनावरं साधारण अठ्ठावीस-तीस महिन्यांची होईपर्यंत गोठ्यात धान्यावर पोसली जातात. मांसात चरबीची जाळी नीट उतरावी म्हणून खाद्यातलं अ जीवनसत्त्व काही महिने मुद्दाम कमी ठेवतात. ते फार कमी झालं तर जनावराची दृष्टी जाते. मालिशच्या गोष्टीत हा भाग कोणी सांगत नाही.

आणि लॅम्ब चॉप्स? न्यूझीलंडच्या मेंढ्या वर्षभर उघड्या कुरणात चरतात आणि कापण्याआधी त्यांना बेशुद्ध करणं तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे. शेपूट छाटणं, खच्ची करणं हे प्रकार तिथेही होतात, पुष्कळदा वेदनाशामक न देता. तरीही तुमच्या मेन्यूत सगळ्यात बरं जगलेलं जनावर बहुधा हेच असेल. तुमच्या बुधवारच्या चिकनपेक्षा तर नक्कीच.

एकाच महागड्या नावाखालीही फरक केवढा असतो बघा. स्पेनच्या इबेरिको हॅमवर काळी, लाल, हिरवी आणि पांढरी अशी चार रंगांची लेबलं असतात. काळ्या आणि लाल लेबलाचं डुक्कर शेवटचे काही महिने ओकच्या रानात फिरून त्या झाडांची फळं खातं. पांढऱ्या लेबलाचं आयुष्यभर बंदिस्त फार्मवर धान्य खातं. दुकानदार दोन्हींना ‘इबेरिको’च म्हणतो. किमतीवरून जनावराचं आयुष्य कळत नाही. त्यासाठी त्याला किती जागा होती, ते किती दिवस जगलं, त्याला कसं आणलं आणि कसं कापलं, हेच विचारावं लागतं.

म्हणून त्या जेवणाला जा. दोन दिवस आधी रेस्तराँला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: कलेजी कोणत्या पक्ष्याची आणि कुठून येते, वाग्यू म्हणजे नेमकं काय, आणि एका व्यक्तीसाठी हे दोन पदार्थ बदलून मिळतील का. आधी सांगितलं तर अशी स्वयंपाकघरं सहसा पर्याय देतात. ऐन वेळी सांगितलं तर नुसतं सॅलड पुढ्यात येतं. यजमानांना घरीच सांगून ठेवा: “मी येणार, मजा करणार, हे दोन पदार्थ खाणार नाही, आणि तिथे कोणाला व्हिडिओ दाखवणार नाही.” शेवटचं वाक्य पाळलंत तर वाद तिथेच संपेल.

आता घरच्या ताटाकडे. इथे जरा थांबावं लागेल.

ब्रॉयलर चाळीसेक ग्रॅमचं पिल्लू म्हणून शेडमध्ये येतो आणि ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या पुढे जाऊन बाहेर पडतो. वयाने तो अजून पिल्लूच असतो. त्याला इंजेक्शन देऊन फुगवतात, ही मुंबईत घरोघरी ऐकू येणारी समजूत चुकीची आहे. हजारो पक्ष्यांना एकेक करून हार्मोन टोचणं कोणालाच परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. ही वाढ पिढ्यान्‌पिढ्या निवडून केलेल्या पैदाशीची आणि मका-सोयाच्या खाद्याची आहे. त्रासाचं मूळही तिथेच आहे: छातीचं मांस इतक्या वेगाने भरतं की पाय आणि हृदय मागे पडतात. शेवटच्या आठवड्यात पुष्कळ पक्षी चालण्यापेक्षा बसूनच राहतात. खाली भाताच्या तुसाची गादी असते, पोल्ट्रीवाले तिला लिटर म्हणतात. एका पक्ष्याला साधारण चौरस फूटभर जागा. पावसाळ्यात किंवा पाण्याची निपल गळत असली की गादी ओली होते, विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि त्यावर बसलेल्या पक्ष्याची कातडी भाजते. अँटिबायोटिकचा प्रश्न मात्र खरा आहे. माणसांसाठी अखेरचं हत्यार मानलं जाणारं कोलिस्टिन पोल्ट्रीच्या खाद्यातही वापरलं जायचं. त्यावर २०१९मध्ये बंदी आली.

अंडी देणाऱ्या कोंबडीची गोष्ट याहून वाईट आहे आणि तिचा व्हिडिओ सहसा कोणी पाठवत नाही. बहुतेक व्यावसायिक अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची असतात. तिथे एका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदाहूनही कमी जागा येते. पंख पसरणं, मातीत लोळणं, अंडं घालायला आडोसा शोधणं, यातलं काहीच तिला करता येत नाही. टोचाटोची टाळायला लहानपणीच चोचीचं टोक छाटलेलं असतं. या जातीचे नर ना अंडी देतात ना पुरेसं मांस धरतात, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी मारले जातात. सुमारे दीड वर्षाने अंडी घटली की कोंबडी ‘लेयर’ म्हणून स्वस्तात विकली जाते.

तुमच्याच घरचा हिशोब मांडू. आठवड्याला एक किलो चिकन म्हणजे वर्षाला ५२ किलो. एका ब्रॉयलरचं सोललेलं मांस साधारण १.३ ते १.४ किलो भरतं, म्हणजे अडतीस-चाळीस पक्षी. प्रत्येकाचे चाळीस दिवस धरले तर शेडमधले सुमारे १,५०० ते १,६०० दिवस. मटण वर्षाला २६ किलो. एका बोकडाचं दहा-अकरा किलो धरलं तर अडीच बोकड, आणि त्यांचं वर्षभराचं आयुष्य बहुतांशी उघड्यावर चरण्यात गेलेलं. अंडी वर्षाला १,५६०. पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, म्हणजे तुमच्या घरासाठी पाच कोंबड्या सतत पिंजऱ्यात: १,८०० दिवस. फ्वा ग्राची एक प्लेट पन्नास ग्रॅमची धरा. मोठ्या कलेजीचा तो दहावा भाग, म्हणजे नळीने भरवण्याचा एक-दीड दिवस.

नळीचा एक दिवस आणि पिंजऱ्यातला एक दिवस सारखे नाहीत, आणि वेदनेची अशी बेरीज-वजाबाकी कोणी करू नये, असं म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. आकडे मांडले ते क्रम ठरवायला. फ्वा ग्रा सोडायला काहीच पडत नाही, तेव्हा सोडा. पण काम करायचंय ते अंड्यांच्या ट्रेवर.

अंडी तीसवरून पंधरावर आणा आणि उरलेले पैसे चांगल्या अंड्यांवर घाला. पिंजऱ्याबाहेर पाळलेल्या कोंबड्यांची अंडी मुंबईत दुप्पट-तिपटीने मिळतात, म्हणून दुप्पट भाव असेल तर खर्च तेवढाच राहतो, तिप्पट असेल तर दीडपट होतो. डब्यावरचे शब्द मात्र जपून वाचा. ‘ब्राउन’ म्हणजे फक्त कोंबडीची जात. गर्द केशरी बलक म्हणजे खाद्यात मका किंवा झेंडूचा अर्क. ‘हर्बल’, ‘प्रोटीन’, ‘फार्म फ्रेश’ यांचा जागेशी संबंध नाही. ‘केज-फ्री’ लिहिलं असेल तर तपासणी कोण करतं, फार्म कुठे आहे आणि भेट देता येते का, हे कंपनीला ईमेलने विचारा. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं असतं ते फोटोसकट सांगतात. टाळाटाळ झाली की समजायचं ते समजा.

चिकनसाठी डोळे उघडे ठेवले तरी बरंच कळतं. जिवंत पक्ष्यांच्या दुकानात तंगडीच्या मागच्या सांध्यावर आणि तळव्यावर तपकिरी-काळे चट्टे बघा. ते ओल्या लिटरवरच्या अमोनियाचे डाग आहेत, आणि शेड कसं होतं ते त्यावरून कळतं. छातीच्या मांसावर समांतर पांढऱ्या रेषा दिसल्या तर तो पक्षी अतिवेगाने वाढवलेला. फार्मवरून पक्षी रात्री क्रेटमध्ये कोंबून येतात, त्याआधी काही तास खाद्य बंद केलेलं असतं. दुकानात क्रेट उन्हात आहेत का, पक्षी चोची उघडून धापा टाकताहेत का, पाणी आहे का, हे बघा. एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच. पॅकबंद घेणार असाल तर त्यांच्या प्लांटमध्ये कापण्याआधी विजेचा झटका देऊन बेशुद्ध करतात का, हे विचारता येतं. हलाल की झटका हा वाद मी इथे घालणार नाही. दुकानातल्या पक्ष्याच्या दृष्टीने सुरीची धार, पकडण्याची पद्धत आणि बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर कापणं, हे रोजचे प्रश्न आधीचे आहेत.

बुधवारचं चिकन एक आठवडा आड करून गावठी घ्यावं, असं तुमच्या मनात येईल. कल्पना चांगली आहे, पण मुंबईत ‘गावठी’ म्हणून पुष्कळदा लेयर विकली जाते, नाहीतर वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जातींचे शेडमध्येच वाढवलेले पक्षी. खरा गावठी कोंबडा किलो-सव्वा किलोचा व्हायला पाच-सहा महिने लागतात. त्याचं छातीचं हाड कडक आणि टोकदार असतं, तंगड्या बारीक आणि लांब, छाती सपाट, आणि तास-सव्वा तास शिजवल्याशिवाय तो चावत नाही. कोंबडी-वड्यांचा रस्सा त्याचाच होतो, हे सासूबाईंना सांगायला नको. वीस मिनिटांत शिजला तर दुकानदाराशी बोला. कडकनाथचं तर विचारूच नका. झाबुआच्या या काळ्या कोंबड्याला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि लगेच तो औषध म्हणून विकला जाऊ लागला. २०१९मध्ये सांगली-कोल्हापूरकडे त्याच्या नावाने शेतकऱ्यांची मोठी फसवणूकही झाली. कडकनाथ महाग आहे म्हणून मोकळा वाढलेला असतो, असं नाही. शेडमध्ये दाटीने पाळला तर तोही दाटीतच जगतो.

मटण कमी करून चिकन खा, हा डॉक्टरी सल्ला तुमच्या तब्येतीसाठी असेल. जनावरांच्या हिशोबात त्याने बळी वाढतात, वरचे आकडे बघा. राज्यातल्या उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ या शेळ्या बहुतांशी दोन-पाचच्या कळपात, रानात आणि बांधावर चरून वाढतात. त्यांचा छळ शेवटच्या प्रवासात होतो. देवनारच्या महापालिकेच्या कत्तलखान्यात राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरातेतून ट्रकने जनावरं येतात. कत्तलखान्यांसाठीच्या २००१च्या नियमांप्रमाणे कापण्याआधी जनावराला चोवीस तास विश्रांती हवी, दुसऱ्या जनावरासमोर कापायला मनाई आहे, आणि गाभण किंवा तीन महिन्यांखालचं जनावर कापता येत नाही. नियम चांगला आहे. तो पाळला गेला की नाही, याचा अंदाज मांसावरून येतो. थकल्या-घाबरल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपलेली असते. मग कापल्यावर मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही आणि ते गर्द, कोरडं आणि बोटाला चिकट राहतं. असं मटण लवकर खराबही होतं. मांडीवर निळसर-लाल मुका मार दिसला तर तो ट्रकमधला. लटकवलेल्या धडावर तपासणीचा शिक्का बघूनच घ्या. आणि ‘कोवळं द्या’ म्हणायचं सोडा. त्या मागणीनेच जनावर लवकर कापलं जातं. नऊ-बारा महिन्यांच्या बोकडाचं घ्या, कच्च्या पपईचं चमचाभर वाटण लावून तासभर ठेवा आणि मंद आचेवर शिजवा.

मुलीला अडवू नका, आणि तिच्यासाठी वेगळी पंगतही मांडू नका. सोमवार, गुरुवार आणि अख्खा श्रावण तुम्ही पाळताच, तेव्हा घराला शाकाहार नवा नाही. काळ्या वाटाण्याची आमटी, कुळथाची पिठी, उसळी हे तिचं रोजचं जेवण होऊ शकतं. वर लिंबू पिळलं की त्यातलं लोह जास्त लागू पडतं. वयात येणारी मुलगी आहे, तेव्हा सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासा. दूध आणि अंडी तिने ठेवली तर बी-१२ची चिंता बरीच कमी होते. फक्त दुधाला निर्दोष समजू नका. मुंबईच्या तबेल्यांत म्हशीच्या नर पारडूला दूध पाजणं परवडत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ते काही दिवसांत उपासमारीनेच जातं. हे तिला आज सांगायची घाई नाही. विचारलं तर खोटं सांगू नका, एवढंच.

सासूबाईंचं म्हणणं ताटात वाढलेल्या अन्नापुरतं मानायला हरकत नाही. पाहुणे म्हणून गेलात आणि समोर आलं, तर तिथे उलटतपासणी नको. बाजारात पिशवी घेऊन उभं असताना प्रश्न विचारणं म्हणजे अन्नाला नावं ठेवणं नव्हे. त्यांच्या पिढीला वजडी, पाया, मुंडी, रक्ती करता येते. एका बोकडात जेवढी जास्त जेवणं निघतील तेवढे बोकड कमी लागतात, म्हणून हे त्यांच्याकडून शिकून घ्या.

गावाकडे बोकड कापला की वाटे घालतात, तसं इथेही जमतं. सोसायटीतल्या चार घरांनी ओळखीच्या परवानाधारक मटणवाल्याला आठवडाभर आधी सांगायचं: एक अख्खं धड हवं, राज्यातल्याच बोकडाचं, शिक्क्यासकट. दहा-अकरा किलोचे चार वाटे, प्रत्येकात थोडी कलेजी, थोडी हाडं. दराबद्दल घासाघीस करा, पण कापण्याच्या वेळेची घाई करू नका. घरी आणल्यावर चोवीस तास फ्रीजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवा म्हणजे आखडलेले स्नायू सैल होतात, आणि मगच अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या हवा काढून फ्रीजरमध्ये टाका. पिशवीवर तारीख लिहा. मटण तीन-चार महिने छान राहतं. कलेजी मात्र त्याच दिवशी संपवा, आणि खिमा आयत्या वेळी घरीच काढा. आधी काढून ठेवलेला खिमा सगळ्यात आधी वास धरतो.